गावाच्या ग्रुपवर बहिष्काराची हाक: अ‍ॅडमिनने काय करायचं?

पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला. गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. सभासद २४०. आधी केळीचे भाव, लाइटीचं वेळापत्रक, कोणाकडे दुःखद घटना, असलंच यायचं. महिन्याभरापासून एकाने लावून धरलंय, 'बाजाराच्या दिवशी मुसलमानांच्या गाड्यांवरून काही घेऊ नका, त्यांना ओट्यावर बसू देऊ नका.' ग्रामपंचायतीत तसा ठराव आणायचीही भाषा चालली आहे. दुसऱ्याने एक ऑडिओ टाकली. केळी कापणीच्या टोळीत येणाऱ्या भिल्ल मजुरांना तिच्यात जातीवरून घाण शिव्या आहेत, एका मजुराचं तर नाव घेऊन. स्टँडवरच्या हॉटेलात याच मजुरांना कागदी कप आणि बाकीच्यांना काचेचा ग्लास. मालक म्हणतो, 'स्वच्छतेसाठी'. वर माझ्या पुतण्याने एका पुढाऱ्यावर टीका केली, तर तीच मंडळी म्हणतात, 'तुझ्यावर भावना दुखावल्याची केस टाकू.' अ‍ॅडमिन म्हणून मी अडकतो का? तक्रार करू की ग्रुपच बंद करू? घरचे म्हणतात, आपले काय करनं शे. कृपया नाव छापू नका."

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

ग्रुप बंद करू नका, आणि आज रात्री तरी काही डिलीट करू नका. अ‍ॅडमिनने घाबरून ग्रुप मोडला की पुरावा विखुरतो. विष कालवणारा दुसऱ्या दिवशी नवा ग्रुप काढतो आणि त्यात तुम्ही नसता, म्हणजे काय शिजतंय तेही कळत नाही.

तुमच्या पत्रात चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायद्यात चारींची दारं वेगळी आहेत. लोक त्यांची एक मोळी बांधून ठाण्यात जातात, 'गावात जातीय तेढ पसरवली जात आहे' असं मोघम लिहून देतात आणि एनसीची चिठ्ठी घेऊन परततात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिच्यावर तपास करू शकत नाहीत. चिठ्ठीवर शिक्का असतो, म्हणून अनेकांना वाटतं गुन्हा दाखल झाला. एफआयआर झाला असेल तर त्याची प्रत फुकट मिळते, तिच्यावर गुन्हा नोंदणी क्रमांक आणि कलमं असतात. ती हातात आली नाही, तर गुन्हा नोंदलेला नाही असं धरून चाला.

आधी पुरावा. ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चालू आहे का बघा. त्याचा टायमर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असतो. चालू असेल तर बंद करा, पण आधी आलेले मेसेज तरीही ठरल्या वेळी जातात, म्हणून ते लगेच जतन करा. स्क्रीनशॉटमध्ये तुम्ही सेव्ह केलेलं नाव दिसून उपयोग नाही, नंबर दिसला पाहिजे. 'बंडू टेलर' म्हणून सेव्ह केलेला माणूस कोर्टात कोणीही असू शकतो. संपर्काचं पान उघडून नंबरचा वेगळा फोटो घ्या. मेसेजवर तारीख-वेळ दिसू द्या आणि त्याच्या वरचे-खालचे पाच-दहा मेसेजही घ्या, कारण संदर्भ तुटला की 'मी मस्करी केली होती' म्हणायला जागा मिळते. मग मेनूमधून 'एक्सपोर्ट चॅट' मीडियासकट काढून ठेवा. ऑडिओचं नाव बदलायचं नाही, कापायची नाही, आणि 'ऐका कसा बोलतोय' म्हणून मित्रालाही पाठवायची नाही. पाठवलीत तर पसरवणाऱ्यांच्या यादीत तुमचंही नाव येतं.

एवढी कटकट कशासाठी? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीची प्रत कोर्टात देताना दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. 'अ' भाग फोन ज्याचा त्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहितात, म्हणजे त्या फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा. ऑडिओतला एक सेकंद कापला तरी ठसा बदलतो आणि समोरचा वकील तिथेच पकडतो. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या ६५-ब कलमाबद्दल हेच सांगितलं होतं: प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच, मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केलं तर मात्र त्याची गरज नाही. तेव्हा हा फोन सध्या विकू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका, 'हँग होतोय' म्हणून रीसेट मारू नका.

आता तुमची मुख्य भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. त्याचा त्यात समान इरादा होता किंवा दोघांनी आधी ठरवून केलं, असं दाखवावं लागतं. म्हणजे कायद्याने तुम्ही मोकळे आहात. पण त्याच ऑडिओखाली तुमचा अंगठा दिसला, किंवा ती तुम्ही दुसऱ्या ग्रुपला टाकलीत, तर बचाव लंगडा पडतो. सण किंवा निवडणुकीच्या आधी ठाण्यातून अ‍ॅडमिनना नोटीस येते. तिला गावाकडे अजून '१४९ ची नोटीस' म्हणतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) ते कलम १६८ आहे. ती समज देणारी नोटीस आहे, तो गुन्हा नाही. सही करून प्रत जपून ठेवा.

जतन झालं की अ‍ॅडमिन म्हणून हात चालवा. टाकणाऱ्याला ग्रुपवर उत्तर देण्याआधी फोन करा, एकट्याला. चारचौघांत टोकला की माणूस माघार घेत नाही, उलट दोन पोस्टी जास्त टाकतो. फोनवर सांगा की मी हे काढतोय, पुन्हा आलं तर तुला काढीन. मग 'सर्वांसाठी डिलीट' करा. अ‍ॅडमिनला ती सोय आहे. दोन दिवस 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' ठेवा आणि एकच मेसेज टाका. साने गुरुजींचे सुविचार नकोत. सगळे हात जोडल्याचं चिन्ह टाकतात आणि पुढे सरकतात. असं काही लिहा: "काल आलेला बाजारातल्या बहिष्काराचा मेसेज आणि मजुरांबद्दलची ऑडिओ काढली आहे. दोन्ही जपून ठेवलं आहे. कोणत्याही जाती-धर्माच्या माणसाला बाजारातून हाकला असं इथे लिहिता येणार नाही. भाव, पाणी, लाइट, सुख-दुःख यासाठी ग्रुप आहे. ज्यांना हे मान्य आहे अशा तिघांनी मला अ‍ॅडमिन म्हणून साथ द्या." 'जपून ठेवलं आहे' हे वाक्य गाळू नका, त्याचा परिणाम होतो. आणि तीन अ‍ॅडमिन वेगवेगळ्या गल्लीतले घ्या, एक बाई असू द्या. रोष एकट्या दुकानदारावर येऊ नये म्हणून हे.

बाजाराकडे वळू. 'द्वेषपूर्ण भाषण' अशी व्याख्या आपल्या दंडसंहितेत नाही. विधी आयोगाने मार्च २०१७ मधल्या २६७व्या अहवालात त्यासाठी नवी कलमं सुचवली होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आली नाहीत. त्यामुळे असलेल्या कलमांत बसवावं लागतं. सगळे १९६ (जुनं १५३-अ, गटागटांत शत्रुत्व वाढवणं) लिहितात. बहिष्काराच्या हाकेला आमच्या मते १९७ जास्त नेमकं लागू पडतं. एखाद्या वर्गाला त्याच्या धर्मामुळे किंवा जातीमुळे नागरिक म्हणून असलेले हक्क नाकारावेत, असा सल्ला देणं किंवा प्रचार करणं हा त्या कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. 'त्यांना ओट्यावर बसू देऊ नका' हे वाक्य त्या चौकटीत येतं. 'मी त्यांच्याकडून घेत नाही' हे मात्र येत नाही. कोणाकडून वांगी घ्यायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. तक्रारीत दोन्ही वाक्यं एकत्र कालवलीत तर पहिल्याचंही वजन जातं.

१९७ चा आणखी एक व्यावहारिक फायदा आहे. अशा गुन्ह्यांत कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१७). १९६ साठी ती केंद्र किंवा राज्य सरकारचीच हवी, आणि फाइल मंत्रालयात जाऊन पडते. १९७ साठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जळगावच्या कलेक्टरांची मंजुरीही चालते. ठाण्यात कोणी 'मंजुरी आणा, मग गुन्हा घेऊ' म्हणालं तर ते चूक आहे. मंजुरी कोर्टाच्या पायरीवर लागते, एफआयआरसाठी नाही.

ठरावाची भाषा बंद पाडणं त्याहून सोपं. ग्रामपंचायत ही संविधानाच्या दृष्टीने 'राज्य' आहे. कलम १५ प्रमाणे तिला धर्मावरून भेद करता येत नाही; सार्वजनिक दुकानं आणि लोकांसाठी असलेल्या जागा कोणाला नाकारता येत नाहीत. ठराव येण्याआधीच सरपंच आणि ग्रामसेवकाला दोन ओळींची लेखी हरकत द्या आणि पोचवर आवक क्रमांक घ्या. ग्रामसेवक सरकारी नोकर आहे, बेकायदा ठरावाचं इतिवृत्त आपल्या हाताने लिहायला तो कचरतो. तरीही झाला, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागा आणि गटविकास अधिकारी व जिल्हा परिषदेच्या सीईओंकडे तक्रार करा. विक्रेत्यांना सांगा की बाजार ठेकेदाराकडून दर आठवड्याची पावती घ्या, फेकू नका. आपण इथे रीतसर बसत होतो याचा तोच कागद. प्रत्यक्ष कोणी गाडा अडवला तर तो वेगळा, सरळ दखलपात्र गुन्हा आहे. ११२ ला फोन लावायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा करत बसायचं नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा (२०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू) खूप जण अशा वेळी पुढे करतात. तो आपल्याच समाजातल्या माणसाला जातपंचायतीने किंवा जमातीने वाळीत टाकलं तर आहे. एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्यांवर टाकलेल्या बहिष्काराला तो लागत नाही. तक्रारीत चुकीचा कायदा लिहिला म्हणून तक्रार मरत नाही, पण ठाणे अंमलदाराला ती बाजूला सारायला निमित्त मिळतं. खात्री नसेल तर कलम लिहूच नका. काय घडलं ते लिहा, कलम लावणं त्यांचं काम आहे.

ऑडिओ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात गंभीर प्रकरण, आणि नेमकं तेच लोक 'तोंड आहे, निघतं' म्हणून सोडतात. भिल्ल ही अनुसूचित जमात आहे. पावरा आणि तडवीही त्याच नोंदीत येतात. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल बहुतेक मुस्लिम, म्हणून त्यांना अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागत नाही असं खानदेशात ठामपणे सांगणारे भेटतात. साफ चूक. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही. धर्माची अट अनुसूचित जातींना आहे.

१९८९ च्या या कायद्यात तीन पोटकलमं इथे बघावी लागतील: ३(१)(आर), लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान, ३(१)(एस), लोकांसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ, आणि ३(१)(यू), शब्दांनी त्या समाजाविरुद्ध द्वेष पसरवणं. शिव्या देणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा, ही पहिली अट. पहिल्या दोन पोटकलमांचा जीव 'लोकांसमोर' या शब्दात आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. २४० जणांच्या ग्रुपवर हा बचाव अवघड जाईल, तरी ऑडिओ ऐकलेल्या तीन-चार जणांची नावं तक्रारीत हवीतच, आणि ते मजुराचे नातेवाईक नसलेले बरे.

हे गुन्हे कोर्टात का ढासळतात? तक्रारीत 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढंच लिहिलेलं असतं म्हणून. लाजेपोटी कोणी खरे शब्द लिहीत नाही. पुढे साक्षीत ते शब्द पहिल्यांदा बाहेर येतात आणि वकील विचारतो, तेव्हा का नाही सांगितले? तक्रार अशी हवी: अमुक तारखेला संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी, अमुक नावाच्या २४० सभासदांच्या ग्रुपवर, अमुक नंबरवरून १ मिनिट ४० सेकंदांची ऑडिओ आली, तिच्या ३५व्या सेकंदाला पुढील शब्द आहेत... आणि तिथे शब्द जसेच्या तसे, अहिराणीत असतील तर अहिराणीतच. त्याखाली, बोलणाऱ्याला त्या मजुराची जमात माहीत होती हे कशावरून, ते एका वाक्यात: एकाच शेतात तीन हंगाम कामाला आहेत, असं काहीही. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. दाखला नसेल म्हणून तक्रार थांबवू नका, पण प्रांत कार्यालयात अर्ज त्याच आठवड्यात टाका.

पण भाऊ, याआधी एक काम आहे. ज्या मजुराचं नाव ऑडिओत आहे त्याला विचारलंत का? गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो, तुम्हीही. तरी केस उभी राहते ती त्याच्या जबाबावर, आणि उद्यापासून त्या बागेतली रोजंदारी बंद होते तीही त्याचीच. त्याला आणि त्याच्या घरच्यांना सगळं समजावून सांगा, निर्णय त्याचा. टोळीच्या मुकादमाकरवी निरोप नको. मुकादमाचे हात शेतमालकाच्या खिशात अडकलेले असतात. समोर बसून बोला, आणि पुढचेही सांगा: तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो, ६० दिवसांत आरोपपत्र देणं अपेक्षित आहे, आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला कळवून त्याचं ऐकावं लागतं. २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे अपमान-शिवीगाळीच्या गुन्ह्यात १ लाख रुपये अर्थसहाय्य आहे: २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के आरोपपत्र कोर्टात गेल्यावर, २५ टक्के शिक्षा झाल्यावर. पहिला हप्ता सात दिवसांत मिळायला हवा, रखडतो तो समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. बँक पासबुकाची आणि आधारची प्रत पहिल्याच दिवशी दिली तर थोडा लवकर सुटतो. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. अनुसूचित जमातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. अत्याचारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

त्याच्यावर उलटी केस पडण्याची शक्यताही सांगून ठेवा. 'केळीचे घड चोरले', 'उचल घेऊन पळाला' या ठरलेल्या तक्रारी आहेत. उचल किती घेतली, किती फिटली, याचा हिशोब आजच एका वहीत मुकादमाच्या सहीने करून ठेवला तर पुढचा त्रास अर्धा होतो.

हॉटेलचं थोडक्यात. कागदी कप सगळ्यांना असेल तर ती स्वच्छता. ठरावीक लोकांनाच असेल तर तो भेद, आणि लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या ३(१)(झेडए) मध्ये स्पष्ट लिहिलेला गुन्हा आहे. आधी मालकाशीच बोला. त्याला कायदा सांगा आणि पर्याय द्या, सगळ्यांना कागदी नाहीतर सगळ्यांना काच. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तो हे करत असतो, म्हणून नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांनी एका सकाळी 'आम्हालाही कागदी दे' म्हटलं तर बहुधा तिथेच संपतं. नाही संपलं तर तोच तक्रारीचा मार्ग.

ठाण्यात जाताना तक्रार दोन प्रतींत न्या, दुसरीवर पोच घ्या. ऑनलाइनही देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(३)). १९६ आणि १९७ त्यात बसतात, तेव्हा '१४ दिवस थांबा' हे टाळणं आहे असं लगेच समजू नका, फक्त परवानगीची तारीख लेखी मागा. अ‍ॅट्रॉसिटीत मात्र ही चौकशी लागत नाही. त्या कायद्याचं कलम १८-अ तसं सांगतं. म्हणूनच ऑडिओची आणि बाजाराची तक्रार वेगवेगळ्या कागदावर द्या. एकत्र दिल्या की अ‍ॅट्रॉसिटीही १४ दिवसांच्या रांगेत बसते. नोंद घेतलीच नाही तर स्पीड पोस्टाने एसपींना, आणि तिथेही हलेना तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७५(३)). अर्जात एक ओळ घाला: सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सर्व राज्यांना आदेश दिला आहे की अशा वक्तव्यावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवावा. आणि दुसऱ्या दिवशी अटक होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत बहुधा आधी हजर राहण्याची नोटीस जाते.

'गावातच मिटवा' असा दबाव येईल. तंटामुक्त समिती २००७ पासून बांधाची, भावबंदकीची भांडणं मिटवते, छान काम आहे. पण अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही, आणि समितीच्या कागदावर घेतलेली माफी पुढे पीडिताच्याच विरोधात वापरली जाते. माफी मागायची असेल तर त्याने ज्या ग्रुपवर शिवी दिली तिथे मागावी. त्याला कोणाची हरकत नसावी.

गावाने करायचं काम वेगळं आहे आणि ते बाजाराच्या आधी करायचं. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ ला एका खाण्याच्या गाडीवरच्या बिलाच्या भांडणातून दंगल झाली, पोलीस गोळीबारात सहा जण गेले. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप अफवेवरून, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. तो बाजाराचाच दिवस होता. भटक्या समाजाला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण नाही, ही त्या कायद्यातली मोठी फट. त्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. अनोळखी माणसांबद्दल असला मेसेज ग्रुपवर दिसला तर शहानिशा होईपर्यंत ग्रुप कुलूपबंद करा आणि ११२ लावा, बाकी सगळं नंतर.

शांतता समितीच्या बैठका तुमच्याकडेही होत असतील: चहा, बिस्कीट, फोटो. भिवंडीत १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस उपायुक्तांनी मोहल्ला समित्या बांधल्या, त्यात पुढाऱ्यांऐवजी त्या-त्या वस्तीतले साधे लोक घेतले, दोन्ही धर्मांचे, आणि बीटचा हवालदारही सोबत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तुमच्या बाजारापुरतं तेवढं जमेल: दोन भाजीवाल्या, एक फळगाडेवाला, एक बांगडीवाला, हमालांपैकी एक, टोळीतला एक मजूर, बीट अंमलदार, आणि सगळ्यांकडे एकमेकांचे नंबर. राजकीय पद असलेला त्यात नको. तो वाईट असतो असं नाही, त्याला प्रत्येक भांडणात मतं मोजावी लागतात.

राहिला पुतण्या. पुढाऱ्यावरची टीका, आरक्षणावरचं मत, एखाद्या रूढीवरची खिल्ली, ही कितीही झोंबली तरी १९६ किंवा २९९ होत नाही. २९९ ला धार्मिक भावना दुखावण्याचा मुद्दाम आणि दुष्ट हेतू लागतो. पुढारी हा धर्म नाही. एका खासदाराच्या कवितेवरून जामनगरला दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाची स्वातंत्र्याआधीची कसोटी पुन्हा लावली: शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल ते बघायचं, ज्याला जिथे-तिथे धोका दिसतो त्याच्यावर नाही. कोणी '६६-अ लावू' म्हणत असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम २४ मार्च २०१५ लाच रद्द झालंय. पुतण्याने पोस्ट काढायची गरज नाही. फक्त तिच्यात कोणाची आई-बहीण काढलेली असेल तर तेवढी ओळ काढावी, आणि कोणी घरी येऊन दम दिला तर तारीख, वेळ, कोण-कोण होते ते त्याच रात्री लिहून ठेवावं. धमकीचा मेसेज आला असेल तर तो या सगळ्याच्या शेजारी, नंबर दिसेल असा, जतन करा.